मनाचा कौल

आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे : ऐकावे जनाचे, करावे मनाचे. म्हण सोपी दिसते. परंतु तिच्यातील दोन्ही क्रियापदे सारख्याच वजनाची आहेत, हे बहुधा आपल्या ध्यानात येत नाही. कोणी तिचा पहिला भाग विसरतो आणि हट्टालाच स्वतंत्र बुद्धी समजून बसतो. कोणी दुसरा भाग विसरतो आणि जन्मभर जनांचेच करीत राहतो. या म्हणीची खरी कसोटी लागावी असे प्रसंग माणसाच्या आयुष्यात थोडे येतात. त्यांपैकी एका प्रसंगाविषयी आज मला बोलावयाचे आहे. विवाहाला काही वर्षे लोटली आहेत, मूल होत नाही, आणि पतिपत्नींनी वैद्यकीय उपचारांचा मार्ग धरला आहे, असा तो प्रसंग.

एखाद्याला ताप आला तर शेजारीपाजारी चार औषधे सुचवितात आणि विसरून जातात. पण मूल होत नाही असे कळले, की जनांच्या तोंडाला खंड पडत नाही. सासरची माणसे एका देवाचा नवस सांगतात, माहेरची दुसऱ्या. कचेरीतला सहकारी एका डॉक्टरचे नाव कागदावर लिहून देतो आणि वर हात धरून सांगतो, "आता विचार करू नका." मुंबईची मावशी म्हणते, नोकरी सोड; इंदूरची आत्या म्हणते, नोकरीत मन रमव. हळदीकुंकवाच्या समारंभात तर न बोलताही पुष्कळ बोलले जाते. या गलबल्यात त्या दोघांचा स्वतःचा आवाज हळूहळू क्षीण होत जातो आणि एक दिवस त्यांनाच तो ऐकू येईनासा होतो.

कोकणात आणि गोमंतकात देवाला कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीला पाण्याने कळे किंवा पाने चिकटवावयाची, गाऱ्हाणे घालावयाचे आणि उजवा पडतो की डावा, याची वाट पाहावयाची. या रीतीची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. निर्णयाचा भार असह्य झाला म्हणजे तो कोणाच्या तरी पायांशी ठेवावा असे माणसाला वाटते, एवढीच खूण मला तिच्यात दिसते. आजच्या दवाखान्यांतही पुष्कळ जोडपी याच वृत्तीने जातात. डॉक्टरांनी उजवा सांगितला तर उजवा, डावा सांगितला तर डावा. परंतु जो कौल आयुष्यभर वागवावयाचा आहे, तो दुसऱ्याने दिलेला पुरत नाही. म्हणून आपला कौल म्हणजे काय, तो कशावर उभा असतो आणि त्याच्यावर कितपत विसंबावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम वस्तुस्थिती. नियमित सहवास असूनही बारा महिने गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्व म्हणते. याच संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील प्रौढ माणसांपैकी साधारण सहांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा याचा अनुभव येतो. म्हणजे ही गोष्ट दुर्मिळ नाही. तिच्याविषयी मोकळेपणाने बोलणे मात्र दुर्मिळ आहे. दुसरी वस्तुस्थिती याहून महत्त्वाची. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून. असे असूनही 'वांझ' हा शब्द आपल्या समाजात स्त्रीलाच चिकटला आहे. परिणाम असा होतो, की पत्नीच्या तपासण्या वर्ष दोन वर्षे चालतात, तिला सुया टोचल्या जातात, नलिका तपासल्या जातात, आणि पतीची एक साधी वीर्यतपासणी, जी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाची, ती मानापमानाच्या कल्पनेपायी राहून जाते. स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवण्याची पहिली पायरी येथेच आहे. दोघांनी एकाच दिवशी दवाखान्याची पायरी चढावी आणि तपासण्या दोघांच्याही व्हाव्यात. ज्या घरात एवढे ठरते, त्या घरातील पुढचे पुष्कळ निर्णय सोपे होतात.

तिसरी वस्तुस्थिती कटू आहे. स्त्रीच्या बीजांडकोशात जन्मतःच जेवढी बीजे असतात, तेवढीच. पुढे नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि गुणवत्ता लक्षात येण्याइतकी उतरू लागते, आणि चाळिशीनंतर ती उतरण अधिकच तीव्र होते. म्हणूनच पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर बारा महिने न थांबता सहा महिन्यांनीच तपासणी करावी, आणि चाळीस ओलांडली असतील तर विनाविलंब करावी, असे वैद्यक सांगते. हे मी मुद्दाम सांगतो. कारण 'माझे मन सांगते, सगळे आपोआप होईल' या वाक्यालाही पुष्कळजण आपला कौल समजतात. तो कौल नव्हे. ती इच्छा होय. इच्छेला पुरावा लागत नाही, निर्णयाला लागतो.

पुरावा आणि निर्णय यांचे नाते किती नाजूक असते, हे या उपचारपद्धतीच्या आपल्याच देशातील इतिहासाने दाखविले आहे. शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून जगातील पहिले बालक २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांच्या दीर्घ परिश्रमांचे ते फळ होते. १९७१ साली तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने त्यांना साहाय्य नाकारले होते. १९८५ साली पर्डी आणि १९८८ साली स्टेप्टो निवर्तले, आणि एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळावयास २०१० साल उजाडले. ओल्डहॅमच्या घटनेनंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यास अशाच उपायाने एक मुलगी जन्मली. हा प्रयोग डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा. त्यांनी भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडला होता. पुढे जगभर रूढ झालेली ही रीत त्या वेळी अद्भुतच वाटावी अशी होती. राज्य शासनाने नेमलेल्या समितीला हा दावा पटला नाही. डॉक्टरांचा उपहास झाला. त्यांच्या संशोधनाशी काही संबंध नसलेल्या नेत्ररोग संस्थेत त्यांची बदली करण्यात आली. आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे आयुष्य संपविले.

ही कथा येथे थांबली असती तर ती केवळ एक शोकान्तिका ठरली असती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी असेच एक बालक जन्मले, आणि भारतातील पहिले म्हणून त्याची नोंद झाली. पुढे सुभाषबाबूंचे हस्तलिखित कागद आनंद कुमार यांच्या हाती आले. त्यांनी ते बारकाईने वाचले, आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितले, की पहिलेपणाचा मान कलकत्त्याचा आहे. ज्या मानात स्वतःचा वाटा होता तो मान त्यांनी कागदावरील नोंदी पाहून दुसऱ्याला देऊन टाकला. समितीतील माणसे बुद्धीने कमी होती असे मी म्हणणार नाही. परंतु एका निर्णयामागे अविश्वास होता आणि दुसऱ्यामागे वाचन होते. स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे मला या दुसऱ्या निर्णयात दिसते : आपल्याला अडचणीचा असला तरी पुरावा नीट पाहावयाचा, आणि पाहिल्यावर डगमगावयाचे नाही.

माझा उद्योग सरकारी कचेरीतला. तेथे एखाद्या प्रकरणावर अभियंत्याचा अभिप्राय येतो, वित्त विभागाचा येतो, विधी विभागाचा येतो. ज्याने सही करावयाची तो या तिघांइतका कोणत्याच विषयात तज्ज्ञ नसतो. तरीही निर्णय त्याचाच असतो, आणि पुढे जाब विचारला जातो तोही त्यालाच. तज्ज्ञाचा अभिप्राय न वाचता सही करणारा अधिकारी बेजबाबदार. आणि 'तज्ज्ञ म्हणाले म्हणून केले' असे सांगून मोकळा होणाराही बेजबाबदार. उपचार घेणाऱ्या जोडप्याची स्थिती अशीच असते. गर्भधारणेची शक्यता किती, हे डॉक्टर सांगतील. त्या शक्यतेसाठी किती पैसा, किती वर्षे आणि किती वेदना द्यावयाच्या, हे सांगण्याचा अधिकार त्या दोघांखेरीज कोणाचाच नाही. कारण ती वर्षे आणि त्या वेदना त्यांच्या आहेत.

मग डॉक्टरांना विचारावयाचे तरी काय? पहिला प्रश्न : आमच्या बाबतीत कारण काय आढळले, की काहीच आढळले नाही? पुष्कळ जोडप्यांत सर्व तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही, आणि तसे स्पष्ट सांगणारा डॉक्टर अज्ञानी नसून प्रामाणिक असतो. दुसरा : आमच्या वयाला, या केंद्रात, एका आवर्तनात जिवंत मूल घरी येण्याची शक्यता किती? 'गर्भ राहण्याचे' प्रमाण आणि 'मूल जन्मण्याचे' प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि जाहिरातीत बहुधा मोठा आकडा छापला जातो. तिसरा : यापेक्षा साधा उपाय काही काळ करून पाहता येईल काय? चौथा : धोके कोणते? बीजांडकोश संप्रेरकांमुळे प्रमाणाबाहेर उत्तेजित होऊ शकतात. एकाहून अधिक भ्रूण सोडले तर जुळी किंवा तिळी राहण्याचा संभव वाढतो, आणि जुळे म्हणजे दुप्पट आनंद अशी आपली भाबडी समजूत असली, तरी आई आणि मुले या सर्वांच्याच दृष्टीने ते गर्भारपण अधिक जोखमीचे असते.

पाचवा प्रश्न मुख्य उपचाराला जोडून सुचविल्या जाणाऱ्या जादा उपायांविषयी. या उपायांची यादी लांब असते आणि प्रत्येकाची किंमत वेगळी असते. त्यांपैकी एकाची हकीगत सांगतो. भ्रूण नीट रुजावा म्हणून आधी गर्भाशयाच्या अस्तराला हलका ओरखडा काढण्याची पद्धत काही वर्षे सर्वत्र फार बोकाळली होती. २०१९ साली १३६४ स्त्रियांवर केलेल्या एका काटेकोर चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले, की ज्यांना ओरखडा काढला आणि ज्यांना काढला नाही, त्या दोन्ही गटांत मूल होण्याचे प्रमाण सारखेच, सुमारे २६ टक्के, होते. भ्रूण सोडल्यानंतर अंथरुणाला खिळून राहण्याचेही तसेच. घरची वडीलमाणसे मायेने पाणी भरू देत नाहीत, जिना चढू देत नाहीत. पण अशा सक्तीच्या विश्रांतीने यश वाढते असे अभ्यासांत आढळलेले नाही. म्हणून प्रत्येक जादा उपायापुढे एकच प्रश्न ठेवावा : याने मूल होण्याचे प्रमाण वाढते, हे कोठे सिद्ध झाले आहे? या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, असे आता कायदाच म्हणतो. या उपचारांचे नियमन करणारा अधिनियम संसदेने २०२१ साली संमत केला आणि तो २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. उपचाराचे परिणाम, यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सर्व जोडप्याला समजावून सांगणे, हे त्याने केंद्राचे कर्तव्य ठरविले आहे. लेखी संमतीखेरीज उपचार करता येत नाही. आणि भ्रूण गर्भाशयात सोडला जाण्यापूर्वी ती संमती केव्हाही मागे घेता येते. संमतिपत्र म्हणजे कारकुनाने पुढे सरकविलेला आणखी एक कागद नव्हे. तो घरी न्यावा, दिव्याखाली बसून दोघांनी वाचावा, न समजलेल्या ओळीखाली रेघ मारावी, आणि मगच सही करावी.

आता मनाविषयी. या उपचारांच्या काळात स्त्रीला सर्वांत अधिक वेळा ऐकावे लागणारे वाक्य कोणते असेल, तर 'मन शांत ठेव, म्हणजे होईल' हे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या वाक्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. झाले नाही, तर तूच मन शांत ठेवले नाहीस, असा तो आरोप. या बाबतीत शास्त्र काय म्हणते? २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात चौदा अभ्यासांतील ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासण्यात आली होती. उपचारापूर्वी मनावर असलेला ताण आणि त्या आवर्तनात गर्भ राहणे अथवा न राहणे, यांचा संबंध त्यात आढळला नाही. ज्या रडल्या, ज्या रात्रभर जागल्या, ज्यांना भीती वाटली, त्यांचे यश त्यामुळे कमी झाले नाही. हा निष्कर्ष प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवावा अशा योग्यतेचा आहे.

याचा अर्थ मनाकडे लक्ष देऊ नये असा कोणी करू नये. मन बीजाला रुजवीत नाही, हे खरे. पण उपचार सोसावयाचे, अपयश पचवावयाचे, पुन्हा उभे राहावयाचे की थांबावयाचे हे ठरवावयाचे, ही सारी कामे मनालाच करावी लागतात. ज्या हत्याराने काम घ्यावयाचे ते हत्यार जपावे लागते. म्हणून ज्या बारशाला जाणे सोसणार नाही, त्या बारशाला जाऊ नये, आहेर पाठवावा. ज्या दोन माणसांपाशी मन मोकळे करता येते तेवढ्यांनाच तारखा सांगाव्यात, म्हणजे निकालाच्या दिवशी वीस घरांचे फोन येत नाहीत. पतीनेही आपले दुःख खर्चाच्या हिशेबात लपवू नये. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत तर आता सोडून दिलीच पाहिजे.

मनाचा कौल आणि मनाची चलबिचल यांतील फरक एका गोष्टीने स्पष्ट होईल. भ्रूण सोडल्यापासून रक्ततपासणीपर्यंतचा पंधरवडा फार कठीण जातो. स्त्री अंगातल्या प्रत्येक कळेकडे आणि प्रत्येक मळमळीकडे खूण म्हणून पाहू लागते. आता या काळात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक औषध म्हणून दिलेले असते, आणि त्यानेच छाती दुखणे, सुस्ती, पोट फुगणे ही गर्भारपणासारखी लक्षणे उत्पन्न होतात. बीज पक्व करण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनचा अंश शरीरात उरला, तर घाईने केलेली घरगुती चाचणीही खोटा होकार देऊ शकते. म्हणजे येथे 'माझे शरीर मला सांगते आहे' या भावनेवर विसंबणे धोक्याचे. उलट, रक्तस्राव फार होतो आहे, श्वास लागतो आहे, पोटात असह्य दुखते आहे, अशा वेळी 'काही नाही, होते असे' म्हणून कोणी गप्प बसवू लागले, तर त्याचे न ऐकता तत्काळ रुग्णालय गाठावे. आशेच्या बाजूने बोलणाऱ्या खुणेची शहानिशा करावी, आणि धोक्याच्या बाजूने बोलणारी खूण शहानिशेसाठी थांबवू नये.

एक व्यवहाराची सूचना. घरात एक वही ठेवावी. तपासण्यांचे निकाल, औषधांची नावे आणि मात्रा, प्रत्येक भेटीत डॉक्टर काय म्हणाले, आणि झालेला खर्च, हे सारे तारीखवार लिहावे. सुभाषबाबूंना न्याय मिळाला तो त्यांच्या नोंदींनी. डॉक्टर बदलावयाची वेळ आली, तर सामान्य जोडप्यालाही नोंदींचाच आधार होतो. त्याच वहीच्या पहिल्या पानावर, उपचार सुरू होण्याआधी, मन स्थिर असताना, दोघांनी तीन मर्यादा लिहून ठेवाव्यात : किती आवर्तने, किती रुपये, किती वर्षे. अगदी चांगल्या केंद्रातही एका आवर्तनात अपयश येण्याचाच संभव बहुधा अधिक असतो. अपयशाच्या दुसऱ्या दिवशी माणूस जमीन विकावयास तयार होतो किंवा सारेच सोडून द्यावयास निघतो. त्या दिवशी निर्णय घेऊ नये. पहिले पान उघडावे. मर्यादा बदलता येत नाही असे नाही. पण ती बदलावयाची तर महिनाभराने, दोघांच्या संमतीने आणि कारण लिहून बदलावी.

आणि थांबावयाचे ठरले तर? थांबणे हा पराभव नाही. तोही एक निर्णय आहे, आणि पुष्कळदा सर्वांत अधिक धैर्याचा. पूर्वी दत्तक म्हणजे वंशाला नाव आणि पिंडाला हात, एवढीच कल्पना होती. १९५६ च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि ती कल्पना पालटू लागली. आज केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणामार्फत देशभर एकाच पद्धतीने मूल दत्तक घेता येते. पण दत्तकाकडेही उरलेली वाट म्हणून वळू नये. जे मूल घरी यावयाचे, ते आपल्या पहिल्या इच्छेची भरपाई म्हणून येऊ नये, त्याच्याच अधिकाराने यावे. आणि कोणी दोघांनीच राहावयाचे ठरविले, तर त्याही घराला घरच म्हणावे. महाराष्ट्रात संततिनियमनाचा प्रचार करण्यासाठी १९२१ साली मुंबईत केंद्र काढणारे रघुनाथराव कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी अपत्य नको असे स्वतःच्या विचाराने ठरविले होते. इच्छा असून मूल न होणे आणि मूल नको असणे, या दोन गोष्टी अर्थातच एक नव्हेत. पण मुलावाचून दोन माणसांचे आयुष्य अर्थपूर्ण होऊ शकते, एवढे तर त्या उदाहरणावरून मान्य करावयास हरकत नाही.

श्रोत्यांपैकी काही जण आज या वाटेवर असतील. काही जण त्यांचे आईवडील, भावंडे किंवा स्नेही असतील. वाटेवर असणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की सर्वांचे ऐका, कागद वाचा, प्रश्न विचारा आणि मग एकमेकांकडे पाहून जे ठरेल ते करा. फळ हाती लागेल किंवा लागणार नाही. निर्णय तुमचा होता, हे समाधान मात्र पुढे पुष्कळ वर्षे पुरते. आणि वाटेच्या कडेला उभ्या असलेल्यांना विनंती आहे, की त्यांना सल्ला देण्यापूर्वी 'तुम्ही काय ठरविले आहे?' असे एकदा विचारा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.